दागिना ठेवावा की सोन्याचा कागद घ्यावा?

पाऊस सुरू होताच भाईंदरच्या मिठागरांतील काम थांबते. उत्तनच्या कोळीवाड्यात जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि राई-मुर्धे भागात जेथे भाताची खाचरे उरली आहेत, तेथे लावणीचा खर्च याच दिवसांत निघतो. अशा घरी सोने ही पावसाळ्याची तजवीज असते. म्हणून दागिना की कागद याचा विचार, अडचणीच्या दिवशी कोणते सोने उपयोगी पडेल, या दृष्टीने करावयास हवा.

दागिना तारण ठेवून बँकेतून अथवा पतसंस्थेतून कर्ज लवकर मिळते. मात्र ही सोय फुकट नसते. 10 ग्रॅमच्या 22 कॅरट दागिन्यात शुद्ध सोने 9.16 ग्रॅमच असते. घडणावळ शेकडा 12 धरली आणि त्यावर 3 टक्के वस्तू व सेवा कर दिला, तर 100 रुपयांच्या सोन्यास सुमारे 115 रुपये पडतात. मोडीत हे वरचे 15 रुपये परत येत नाहीत. खडे व लाख यांचे वजन तर कर्ज देणाराही वगळतो. 1 एप्रिल 2023 पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण सक्तीची आहे. ती पाहून पावती जपून ठेवावी.

कागदी सोन्यास घडणावळ नाही व चोरीची भीती नाही. परंतु सर्व कागद सारखे नव्हेत. 1962 च्या सुवर्णरोख्यांची फेड रुपयांत होती, तर 1965 च्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांची फेड सोन्यातच ठरली होती. कागद वजनाचे वचन देतो की रकमेचे, हे आधी वाचावे. नोव्हेंबर 2015 मध्ये निघालेल्या सरकारी सुवर्णरोख्यांची मुदत 8 वर्षांची असून रक्कम त्या वेळच्या सोन्याच्या भावाने मिळते. बहुतेक मालिकांवर वार्षिक अडीच टक्के व्याजही आहे. फेब्रुवारी 2024 नंतर नवी मालिका निघालेली नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, त्यास डीमॅट खाते लागते.

गोल्ड ईटीएफही डीमॅट खात्यातून घेता येतो व थोडाथोडा घेता येतो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार त्यावर बँकेस कर्ज देता येत नाही. लावणीच्या वेळी तो विकावाच लागेल, मग भाव पडलेला असो वा चढलेला. मोबाईलवर विकले जाणारे ‘डिजिटल सोने’ सेबीच्या नियंत्रणाखाली नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे. त्यापासून दूर राहावे हे बरे.

आमच्या मते, पावसाळ्याचे दोन महिने निभावतील एवढे कर्ज ज्यावर मिळेल, तेवढे सोने साध्या घडणीच्या बांगड्यांत अथवा पाटल्यांत ठेवावे. मुलीच्या लग्नासाठी पाच-सात वर्षे आधी साठवावयाचे सोने मात्र दागिन्यात गुंतवू नये. त्यास कागद बरा.

येथे एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षिली जाते. अंगावरचे सोने हे स्त्रीधन असते, पण ते मोडून घेतलेला कागद बहुधा पतीच्या नावावर निघतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कुटुंबास सल्ला देताना तिच्या नावाचे बँक व डीमॅट खाते आहे काय, हे प्रथम विचारावे. नसल्यास ते उघडेपर्यंत दागिना मोडू देऊ नये.