रीस्टार्ट करण्याआधी

चि. चिनूस,


तुमचा जॉब सर्व्हर दर दहा-बारा दिवसांनी डिस्क भरून आडवा पडतो आणि रीस्टार्ट केला की ताजातवाना होतो, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला हसू आलं. दर रविवारी रीस्टार्टचा क्रॉन लावायचा तुझा बेत मात्र आवडला नाही. हा उद्योग मी स्वतः वर्षभर केलाय.

आमच्याकडेही तीच रचना होती: प्रत्येक जॉबची जार टेम्प फोल्डरमध्ये उतरवायची, तिच्यावर यूआरएलक्लासलोडर उभा करायचा, काम झालं की फाइल डिलीट. एका रात्री डीएफ म्हणालं, डिस्क शंभर टक्के भरली. डीयूने मोजलं तर निम्मीही नाही. हिशोब लागेना, म्हणून आम्ही लॉग उडवत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी एका जुन्या अ‍ॅडमिनने एलएसओएफ चालवलं. स्क्रीनभर आमच्याच जार, आणि प्रत्येकीपुढे कंसात 'डिलीटेड'!

लिनक्समध्ये डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढणं. आतला भाडेकरू सामानासकट तिथेच असतो. प्रोसेस फाइल सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. विंडोजवर उलटं: उघडी जार तो डिलीटच होऊ देत नाही. जुना फाइल.डिलीट अशा वेळी मुकाट्याने 'फॉल्स' देतो, आणि ते कोण बघतं? फाइल्स.डिलीट वापर, तो कारणासकट एक्सेप्शन फेकतो.

म्हणून आधी लोडर क्लोज, मग डिलीट. ही क्लोज मेथड जावा 7 मध्ये, 2011 साली आली; आमच्या पिढीने त्याआधी काय काय उचापती केल्या ते विचारू नकोस. पण जॉबने सोडलेला थ्रेड अजून पळत असेल तर घाई नको. क्लोजनंतर त्याला नवा क्लास लागला की नोक्लासडेफफाउंडएरर येणार. आधी थ्रेड थांबव.

डिलीटऑनएक्झिटवर भिस्त ठेवू नकोस. सर्व्हर महिनोन्‌महिने बंद व्हायचाच नसेल तर फाइल पुसणार कधी? वर ती सगळी नावं मेमरीत साठत राहतात, आणि कोणी किल मायनस नाइन मारला तर फाइली तशाच राहतात.

आणखी एक. क्लोजने फाइल सुटते, क्लास सुटतीलच असं नाही. पूलमधल्या थ्रेडच्या थ्रेडलोकलमध्ये जॉबची एखादी वस्तू राहिली, किंवा जॉबने नोंदवलेला जेडीबीसी ड्रायव्हर काढायचा राहिला, की अख्खा लोडर मेमरीत अडकतो. जावा 8 पासून त्याच्या क्लासचा मेटाडेटा मेटास्पेसमध्ये जातो, आणि आपण घातल्याशिवाय मेटास्पेसला एकूण मर्यादा नसते. मशीनची रॅम संपेपर्यंत कळत नाही. जेसीएमडीने लोडरची यादी काढ. झालेल्या जॉबचे लोडर त्यात जिवंत दिसले तर हीप डंप घे आणि त्यांना कोण धरून बसलंय ते शोध.

आज रात्री सर्व्हर पुन्हा बसला तर हात आवर. आधी एलएसओएफचं आउटपुट फाइलमध्ये घे, पण त्याच भरलेल्या डिस्कवर नको! रीस्टार्ट झाला की पुरावा गेला. फाइल मला पाठव, रविवारी जेवायला ये, मिळून बघू.

तुझा,
मामा