सूत्र एकच, रेणू दोन

अकरावीला आयसोमर शिकवताना मी फळ्यावर ब्यूटेन आणि आयसोब्यूटेन ही ठरलेली जोडी काढतो. या सत्रात एका कॅडेटने दुसरीच जोडी पुढे केली: टीएचसी आणि सीबीडी. "सर, सीबीडीने नशा चढत नाही म्हणतात. मग क्रॉस-कंट्रीनंतर पाय भरून येतात तेव्हा ते तेल घ्यायला काय हरकत आहे?" प्रश्न सरळ मनाने विचारला होता. तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत उरकण्यासारखा तो नव्हता, म्हणून उत्तर इथे लिहितो.

आधी वनस्पती. गांजा, चरस आणि भांग ही एकाच झाडाची तीन रूपे. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्यावरची चिकट राळ म्हणजे चरस, आणि पाने वाटली की भांग. या झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड सापडतात. त्यांतले दोन प्रमुख म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी, आणि कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी. दोन्हींच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. रेणुवस्तुमान तेच, साधारण ३१४. फरक बांधणीत आहे. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन वलयात अडकलेला असतो. सीबीडीमध्ये ते वलय उघडे असते आणि तिथे मोकळा हायड्रॉक्सिल गट राहतो. परीक्षेत हा फरक एका गुणाचा, शरीरात मात्र फार मोठा.

इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सीबीडीची रचना उलगडली आणि १९६४ साली टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हा पदार्थ मेंदूत नेमका कुठे बसतो हे कळायला आणखी चोवीस वर्षे गेली. १९८८ मध्ये सीबी-१ हा रिसेप्टर ओळखला गेला. पण आपल्या मेंदूत गांजासाठी कुलूप कशाला असेल? त्याची किल्ली शरीर स्वतःच बनवत असणार, असा तर्क झाला, आणि १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत ती सापडली. तिचे नाव ठेवले आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत हा शब्द पोचला याचे मला अजून कौतुक वाटते.

टीएचसी या कुलपात आनंदामाइडच्या जागी जाऊन बसते आणि जास्त वेळ बसून राहते. सीबी-१ रिसेप्टर स्मरणाच्या भागात, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आणि हालचालींच्या केंद्रांत दाट असतात. म्हणून नशेत नुकतेच ऐकलेले विसरते, वेळेचा अंदाज चुकतो, हात-पाय सांगितल्यापेक्षा उशिरा हलतात, छाती धडधडते. रायफल रेंजवर किंवा दोरावर चढताना याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो आणि निर्णय घेतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे तुमच्या वयात सुरू झालेली सवय प्रौढाच्या सवयीपेक्षा महाग पडते. काही मुलांत, विशेषतः घराण्यात मनोविकार असेल तर, भ्रम आणि संशयाचे आजार उद्भवण्याचा धोका वाढतो.

सीबीडी त्या कुलपात नीट बसत नाही, म्हणून नशा चढत नाही. इथपर्यंत माझ्या विद्यार्थ्याचे बरोबर आहे. ते औषध आहे हेही खरे. लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रावे या लहान मुलांतल्या अवघड अपस्मारांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. पण तिथली मात्रा पाहा: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम. तीही यकृताच्या तपासण्या करत, कारण यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि गुंगी येते. चार थेंब तेलाने भरून आलेल्या पोटऱ्या मोकळ्या होतात असे म्हणायला या औषधाचा आधार घेता येत नाही. पोटऱ्यांना विश्रांती, पाणी आणि ताण देण्याचे व्यायाम पुरतात. नाही पुरले तर आपला एम. आय. रूम आहे.

आता कायदा, कारण तिथे गोंधळ सर्वांत जास्त आहे. रसायनशास्त्र रेणू पाहते. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा मात्र झाडाचा भाग पाहतो. गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया येत नाहीत. राळ कोणत्याही रूपात चरसच. सीबीडीला त्या व्याख्येत वेगळी मोकळीक नाही. फुलोऱ्यातून काढलेले तेल आणि पानांतून काढलेले तेल बाटलीत सारखे दिसते, कायद्यात नाही. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

याच शहरात भांगेची पाकिटे जप्त झालेल्या एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीला जामीन दिला. भांग एनडीपीएसच्या व्याख्येत बसत नाही, हा त्यातला मुद्दा होता. ती बातमी वाचून 'भांग कायदेशीर झाली' असा निष्कर्ष वसतिगृहात काढला गेल्याचे माझ्या कानावर आले. पानांवर राज्यांचे स्वतःचे कायदे लागू होतात, आणि महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याखाली येते. शिवाय व्याख्येतून पान वगळले म्हणून पानातले टीएचसी वगळले जात नाही. होळीची थंडाई प्यायल्यावर अर्धा-पाऊण तास काही जाणवत नाही, म्हणून मुले दुसरा पेला घेतात, आणि मग दोन्ही पेले एकदम चढतात. पोटातून गेलेल्या टीएचसीचे यकृतात आणखी जोरकस रूप होते, ते वेगळेच.

कुमाऊँकडची मुले सुट्टीहून येताना भांगेच्या बियांची चटणी आणतात. ती मी आवडीने खातो. बियांत नशा नसते, आणि स्वच्छ केलेल्या बिया व त्यांचे तेल अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयने २०२१ मध्ये टीएचसीची मर्यादा घालून परवानगी दिली आहे. बियांच्या तेलात सीबीडीही नावापुरतेच असते, त्यामुळे 'हेम्प ऑइल' आणि 'सीबीडी ऑइल' या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सीबीडी म्हणून जे तेल विकतात ते आपल्याकडे बहुधा आयुषच्या परवान्याखाली, 'विजया' या आयुर्वेदिक नावाने आणि वैद्याच्या चिठ्ठीवर. २०२० मध्ये कोरमंगलात अशा औषधांचे एक क्लिनिकही सुरू झाले. अवघड दुखण्याचा प्रौढ रुग्ण वैद्याच्या देखरेखीखाली ते घेत असेल तर माझे काही म्हणणे नाही. माझा प्रश्न ऑनलाइन मागवलेल्या बाटलीचा आहे. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली गेली. लेबलवर लिहिलेले सीबीडीचे प्रमाण फक्त ३१ टक्क्यांत बरोबर निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. तुळशीत भांग म्हणतात ती अशी.

आणि लघवीच्या चाचणीला लेबल वाचता येत नाही. टीएचसी चरबीत विरघळते, शरीरात साठते, आणि त्याचे अवशेष एखाद्या वेळच्या सेवनानंतर काही दिवस, तर रोजच्या सेवनानंतर काही आठवडे निघत राहतात. चाचणी शोधते ते हेच अवशेष. ते चिलमीतून आले, थंडाईतून आले की चुकीच्या लेबलच्या बाटलीतून, हे तिला कळत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाने २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढले, पण टीएचसीवर स्पर्धाकाळातली बंदी कायम आहे. सीबीडीच्या बाटलीतून टीएचसी पोटात गेले तर जबाबदार खेळाडूच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तर २०२० मध्ये आपल्या सैनिकांना सीबीडीसह हेम्पची सगळी उत्पादने वर्ज्य केली, टीएचसीचे प्रमाण कितीही कमी लिहिलेले असो. आपल्याकडे आर्मी ॲक्टच्या कलम ४८ नुसार सैनिक ड्यूटीवर असो वा नसो, नशेत आढळणे हाच गुन्हा आहे. म्हणून त्या कॅडेटला माझे उत्तर 'घेऊ नकोस' असे होते आणि आहे.

पालकांना दोन गोष्टी. पार्सलमध्ये 'हर्बल', 'झोपेचे', 'सांधेदुखीचे' असे कोणतेही तेल किंवा गोळी पाठवू नका. मुलाला खरोखर औषध चालू असेल तर चिठ्ठीसह वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. आणि मुलाने काही घेतल्याचा संशय आला तर आधी मारझोड नको, आधी बोलणे. निम्हान्समधला व्यसनोपचार विभाग आपल्याच होसूर रस्त्यावर आहे. एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तेव्हा त्याच्यावर खटला चालवला जात नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.