आजीचा जन्मदाखला

पेडणे तालुक्यातल्या एका घरात नातू आजीची जुनी पेटी उपसत होता. आजीने विचारले, "काय रे बाबू, काय शोधतोस?"

"तुझा जन्मदाखला, आजी. पोर्तुगीज भाषेतला. त्याच्या जोरावर मला तिकडचा पासपोर्ट मिळेल. मग युरोपात नोकरी करीन."

"दाखला आहे बाबा. पण तो पोर्तुगीजांचा, तर मग मी कोण? मत तर मी दर खेपेला देते."

नातवाला उत्तर येईना. संध्याकाळी दोघे साक्षरता वर्गाच्या गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी दाखला उलटसुलट पाहिला. म्हणाले, "आजी, तुमचा जन्म १९४८ सालचा. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते. पण गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालकडे होते. पुढे १९५१ साली त्यांनी नवेच काढले. म्हणाले, गोवा ही वसाहत नाही, आमच्या देशाचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे. नाव बदलले, पण कारभार तोच राहिला. सरकारची नजर फिरल्याशिवाय वर्तमानपत्र छापता येत नसे. म्हापशाला डॉक्टर पुंडलिक गायतोंडे होते. एका मेजवानीत, गोवा पोर्तुगालचा आहे असे कोणी बोलले. त्यावर गायतोंडे उठून 'मला हे मान्य नाही' असे म्हणाले. एवढ्यासाठी १९५४ साली त्यांना पकडले आणि पोर्तुगालला नेऊन कैदेत टाकले."

"तो काळ आठवतो मला," आजी म्हणाली. "मोठी माणसं हळू आवाजात बोलायची."

"१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जमीन भारतात आली. पण माणसांचे काय? जमीन आली म्हणून माणूस आपोआप नागरिक होतो असे नाही. त्यासाठी कायदा लागतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तशी सोय होती. तिच्या आधारे २८ मार्च १९६२ रोजी सरकारने हुकूम काढला. जो माणूस २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मला, किंवा ज्याचे आई-बाप, आजा-आजी यांतले कोणीही एक तिथे जन्मले, तो त्या २० डिसेंबरपासून भारताचा नागरिक झाला असे धरावे."

"मी तर कुठे अर्ज केला नाही."

"करायचाच नव्हता. अर्ज नाही, फी नाही, अंगठासुद्धा नाही. गप्प बसला तो नागरिक. ज्याला पोर्तुगीजच राहायचे होते, त्याने मात्र एक महिन्याच्या आत लेखी कळवायचे होते."

आमच्या मते हा हुकूम शहाणपणाचा होता. लिहिता न येणाऱ्या माणसाचे त्यात काही गेले नाही. महिन्याची मुदत मात्र तोकडीच. गोव्याची कितीतरी माणसे तेव्हा पोटासाठी आफ्रिकेत नि बोटींवर होती.

"तसे कोणी कळवले का?" नातवाने विचारले.

"कळवले. मोंतेरो नावाचे एक पाद्री होते, गोव्याचेच. त्यांनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. मग आपल्याच जन्मगावी ते परदेशी ठरले. राहण्याचा परवाना लागला. १९६४ साली परवान्याची मुदत संपली, त्यांनी नवा मागितला नाही. खटला झाला, शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण १९६९ साली तिथेही हरले."

आजीने हळहळून मान हलवली. मग म्हणाली, "पण गुरुजी, आमच्यासारखे हुकुमाने झालेले नागरिक, ते पुरे की अर्धे? दिल्लीची मोठी खुर्ची त्यांना मिळते का?"

"पुरे! अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला माणूस जन्मापासूनच त्या देशाचा नागरिक असावा लागतो. आपल्या घटनेत तशी अट नाही. राष्ट्रपती व्हायला माणूस भारताचा नागरिक हवा, ३५ वर्षे पुरी हवीत, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र हवा आणि सरकारी लाभाच्या जागेवर नसावा. खासदार व्हायला नागरिकत्व हवे, मतदारयादीत नाव हवे. वय लोकसभेला २५, राज्यसभेला ३०. शाळा किती शिकलात हे कोणी विचारीत नाही. ज्या गायतोंड्यांना पोर्तुगालने कैद केले, ते १९६२ साली गोव्याचे नेमलेले सभासद म्हणून लोकसभेत बसले. आपल्या मांद्र्याचे रमाकांत खलप १९४६ साली जन्मले, ते १९९६ साली केंद्रात कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. मनोहर पर्रीकर १९५५ साली म्हापशात जन्मले, म्हणजे पोर्तुगीज अमलात. १९६१ साली ते सहा वर्षांचे होते. २०१४ साली तेच भारताचे संरक्षणमंत्री झाले."

"म्हणजे काहीच उणे नव्हते?"

"एक होते. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. १९६३ साली निवडणूक होऊन विधानसभा मिळाली, लोकसभेवर दोन खासदारही निवडून गेले. पण राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत असते संसदेच्या आणि राज्यांच्या विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांना. गोवा राज्य नव्हते. म्हणून गोव्याचा माणूस राष्ट्रपती होऊ शकत होता, पण गोव्याच्या आमदाराला त्या निवडणुकीत मत नव्हते! राज्यसभेतही गोव्याची जागा नव्हती. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले तेव्हा दोन्ही मिळाले. दमण आणि दीव मागेच राहिले. २०२० साली ते दादरा-नगर हवेलीला जोडले गेले. तिथे अजून विधानसभा नाही."

गुरुजींनी दाखला नातवाच्या हाती दिला. "आता तुझे बोल. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना नि त्यांच्या मुला-नातवांना पोर्तुगालचा कायदा अजून वाट देतो. पण आपला कायदा दोन देशांचे नागरिकत्व मानीत नाही. तू आपणहून तिकडचा नागरिक झालास की इकडचे नागरिकत्व संपले. भारताचा पासपोर्ट परत द्यायचा, यादीतले नाव जायचे. परदेशी भारतीयाचे कार्ड काढलेस तर इथे येता येईल, राहता येईल. मत देता येणार नाही, निवडणुकीला उभे राहता येणार नाही. आणि नुसती जन्माची नोंद लिस्बनला केली तर काय होते, यावर लोक कोर्टात गेले आहेत. तेव्हा कागद धाडण्याआधी वकिलाला विचार. एजंट सांगतो त्यावर जाऊ नकोस."

"पुन्हा भारताचा व्हायचे झाले तर?"

"अर्ज करायचा. काही वर्षे थांबायचे. अटी पुऱ्या करायच्या. मग देणे न देणे सरकारच्या हातात."

आजी म्हणाली, "माझ्या वेळी गप्प बसले तरी झाले."

घरी जाताना नातू बोलला नाही. फाटकापाशी पोचल्यावर त्याने विचारले, "आजी, पंचायतीची निवडणूक कधी आहे ग?"