जुन्या आवृत्तीचे स्थान कोठे?
(सॉफ्टवेअर-भांडारांपुढील एका प्रश्नाचा अभ्यास)

नवी आवृत्ती निघाली म्हणजे जुनीचे काय करावे, हा प्रश्न ग्रंथांच्या बाबतीत विद्वानांनी शतकानुशतके हाताळला आहे. आज तोच प्रश्न मोबाइलमधील अ‍ॅपच्या रूपाने प्रत्येक घरात आला आहे. त्याचे उत्तर केवळ अभियंत्यांनी द्यावे, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात त्यांनाही तो समजला पाहिजे, म्हणून या स्मरणिकेत तो पाठाच्या स्वरूपात मांडत आहोत.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. सॉफ्टवेअर-भांडार म्हणजे अ‍ॅप किंवा त्याचे सुटे घटक जेथे साठविले जातात आणि जेथून ते जगभरातील यंत्रांवर उतरविले जातात, ते मध्यवर्ती कोठार. प्रत्येक घटकाला नाव असते आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. कर्त्याने दुरुस्ती केली की क्रमांक वाढतो आणि नवी प्रत कोठारात दाखल होते. आता आधीच्या प्रती ठेवाव्यात की काढून टाकाव्यात? ठेवल्यास त्या कोणाला व कशा दिसाव्यात?

आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या आई-वडिलांचा आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा दुवा म्हणजे फोन. तो बहुधा कोणीतरी वापरून दिलेला, जुना असतो. व्हॉट्सअ‍ॅपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० पेक्षा जुन्या प्रणालीवर चालणे थांबविले. फोन धडधाकट, पण त्यातील दुवा तुटलेला, अशी अवस्था अशा वेळी होते. 'नवा फोन घ्या' हा सल्ला सोपा आहे. उचल फेडणाऱ्या कुटुंबाला तो परवडत नाही.

तरीही जुन्याच्या बाजूने एकदम कौल देता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉगफोरजे या घटकात अतिशय गंभीर उणीव उघडकीस आली. तिच्या आधारे दूरवरून दुसऱ्याच्या सर्व्हरचा ताबा घेता येत असे. दुरुस्त आवृत्त्या त्वरेने निघाल्या. परंतु सदोष आवृत्त्याही मेव्हन सेंट्रल या भांडारात राहिल्या आणि पुढे दीर्घकाळ लोक त्या उतरवून घेत राहिले. जुनी प्रत इशाऱ्याविना हाती पडली तर ती घातक ठरू शकते. बँकेचे किंवा पैशांच्या देवघेवीचे अ‍ॅप असेल, तर जुन्या आवृत्तीचा आग्रह म्हणजे स्वतःच्या घामाचे पैसे चोरासमोर ठेवणे होय.

मग जुने सरसकट नष्ट करावे काय? त्याचाही धडा इतिहासात आहे. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून एनपीएम या भांडारातून आपली सर्व पॅकेजेस काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक घटक होता. अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण हजारो प्रकल्प त्याच्यावर थेट अथवा आडवळणाने विसंबून होते. ते प्रकल्प जगभर एकाएकी उभारता येईनात. काही तासांतच भांडारचालकांना तो घटक परत आणावा लागला. त्यानंतर त्यांनी नियम बदलले. एकदा प्रसिद्ध केलेले पॅकेज ठराविक मुदतीनंतर मनास येईल तेव्हा काढण्याची मुभा उरली नाही. आज ती मुदत ७२ तासांची असून, त्यापुढे कडक अटी आहेत. प्रसिद्ध केलेली वस्तू केवळ कर्त्याची राहत नाही, तिच्यावर विसंबणाऱ्यांचाही तिच्याशी संबंध जडतो, हे तत्त्व यातून मान्य झाले.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे तत्त्व नवे नाही. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे तीच सर्वत्र प्रचलित झाली. तिने पाठभेदांचा गोंधळ आवरला, हे तिचे मोठे कार्य. तथापि तेराव्या शतकातील मराठीचे रूप शोधताना इतिहासाचार्य राजवाडे यांना एकनाथपूर्व पोथीची गरज भासली. ती त्यांना आपल्या बीडमध्येच मिळाली. तिच्या आधारे १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. कोणीतरी जुनी पोथी 'आता निरुपयोगी' म्हणून नदीत सोडली असती, तर हे कार्य झाले नसते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चे. १९३६ ची पहिली आवृत्ती, १९३७ ची दुसरी आणि १९४४ ची तिसरी, या प्रत्येकीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. दुसऱ्या आवृत्तीत काय भर घातली आणि तिसरीत ठरविलेला बदल का होऊ शकला नाही, हे त्यांनी वाचकाला सांगितले. आधीच्या प्रस्तावनाही पुढे छापल्या जात राहिल्या. त्यामुळे ग्रंथ कोणत्या वाटेने आला, हे आजचा वाचक पाहू शकतो. आवृत्ती बदलावी, मात्र बदलाची नोंद पुसू नये, हा त्यातला वस्तुपाठ.

आज काही भांडारांनी अशाच मधल्या वाटा काढल्या आहेत. २०१० मध्ये सुरू झालेले एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपचे भांडार सामान्यतः प्रत्येक अ‍ॅपच्या अलीकडच्या मोजक्या आवृत्त्या दर्शनी कोठारात ठेवते. त्याहून जुन्या 'अर्काइव्ह' या वेगळ्या कोठारात जातात. ते आपोआप उघडे नसते; ज्याला हवे त्याने ते स्वतः सुरू करायचे. पायथन भाषेच्या भांडारात सदोष आवृत्तीला 'यँक्ड' असा शिक्का बसतो. नव्याने मागणाऱ्याला ती दिली जात नाही, पण नेमका तोच क्रमांक मागणाऱ्याला मिळते. डेबियन या प्रणालीने तर २००५ पासूनच्या पॅकेजांचा दिनांकवार संग्रह राखला आहे.

या सर्वांवरून आमचा निर्णय असा. दर्शनी फळीवर नवी आणि सुरक्षित आवृत्तीच असावी. जुनी, परंतु निर्धोक आवृत्ती मागच्या फळीवर असावी आणि ती कोणत्या फोनवर चालते हे तिच्यावर स्पष्ट लिहावे. सदोष आवृत्ती सहज हाती लागू नये. दोष काय व तो केव्हा कळला ही नोंद जोडून ती अभ्यासासाठी जतन करावी. पैशांशी वा खासगी माहितीशी संबंधित सदोष आवृत्तीची सेवा बंद करणे योग्यच. मात्र त्याची पूर्वसूचना लोकांच्या भाषेत आणि पुरेशी आधी मिळावी. अशा कोठारास जागा, वीज आणि मनुष्यबळ लागते, हे खरे. म्हणून प्रत्येक आवृत्ती दर्शनी भागात ठेवण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. आग्रह एवढाच, की नजरेआड करणे आणि नष्ट करणे या दोन भिन्न कृती आहेत, याचे भान निर्णय घेणाऱ्याला असावे.

आपले जे माजी विद्यार्थी आज सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहेत, त्यांच्या हाती हा निर्णय कधी ना कधी येईल. आपले अ‍ॅप किमान कोणत्या अँड्रॉइडवर चालावे, हा आकडा भरताना त्यांनी उसाच्या फडातील कोपीत चार्ज होणारा फोन डोळ्यांसमोर आणावा. आकडा वाढविणे अपरिहार्यच झाले, तर आधीची निर्धोक आवृत्ती कोठे मिळेल, हे त्याच पानावर मराठीत लिहावे.