हात बसतो तेव्हा

मिरज

चि. सई,

तुझं पत्र वाचलं. रविवारी सलग सहा तास बसून तबल्याचा कायदा घोटलास, संध्याकाळी हात सुरेख चालत होता आणि गुरुवारी क्लासमध्ये तिसऱ्या पलट्यालाच बोटं अडली. त्यावरून 'माझ्यात ते उपजतच नाही' असं ठरवून मोकळी झालीस. सई, मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. तुझ्या या म्हणण्याशी मला भांडायचंच आहे.

अप्लिसिया नावाची एक समुद्री गोगलगाय आहे. तिच्या शरीरात चेतापेशी जेमतेम वीस हजार, त्याही चांगल्या मोठ्या. म्हणून एरिक कँडेल यांनी स्मृतीच्या अभ्यासासाठी तिला निवडलं. तिच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा स्पर्श केला की यात भिण्यासारखं काही नाही हे तिच्या अंगवळणी पडतं आणि ती फारशी दाद देत नाही. एका बैठकीत 40 स्पर्श केले, तर ही सवय दिवसभर टिकली. रोज 10 असे चार दिवस केले, तेव्हा ती कित्येक आठवडे टिकली. स्पर्श तेवढेच होते. मध्ये रात्री गेल्या होत्या, एवढाच फरक.

पुढे त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. एका संवेदी पेशीची इतर पेशींकडे जाणारी टोकं, म्हणजे तिचे जोड, साधारण 1300 असतात. दुर्लक्ष करायला शिकलेल्या गोगलगायीत ती 850 च्या आसपास उतरली होती. धक्के देऊन सावध केलेल्या गोगलगायीत 2700 पर्यंत वाढली होती. कँडेलना 2000 साली नोबेल मिळालं. मला मात्र या संशोधनातला 850 हा आकडा वर्गात सांगताना दरवेळी थांबावंसं वाटे. जोड गळाले, आणि तेही शिकण्यामुळेच!

आणि हे फक्त गोगलगायीपुरतं नाही. सशाच्या मेंदूतले जोड विजेच्या झटपट स्पंदनांनी तासन्‌तास बळकट राहतात, हे ब्लिस आणि ल्योमो यांनी 1973 मध्ये दाखवलं. अशा जोडांत कॅल्शियम एकदम लोटलं की जोड घट्ट होतो, थोडं थोडं झिरपत राहिलं की सैल पडतो. हात बरोबर बसतोय की चुकीचा, हे जोडाला कळत नाही. माझं 'तिरकिट' दोन वर्षं चुकीच्या बोटांनी बसलं होतं. ते मोडायला गुरुजींनी मला चार महिने फक्त ठाय, म्हणजे संथ लयीत ठेवलं, आणि मी त्यांच्यावर मनातून रागावलो होतो. आज वाटतं, तेवढी माया माझ्यावर फार थोड्यांनी केली.

तेव्हा ते सहा तास आठवड्यावर वाटून टाक. रोज बसशील तेव्हा वही लगेच उघडू नकोस. कालचा कायदा आधी आठवून वाजव, अडखळलीस तरी चालेल. अगदीच अडलं तरच वही बघ. रात्री जागून रियाज करू नकोस. दिवसा बसलेला हात झोपेतही पक्का होत असतो. आणि बोट चुकतंय असं वाटलं की त्याच क्षणी लय उतरव, पुढे रेटू नकोस.

डग्ग्याच्या वाद्या सैल झाल्यात असं ताई म्हणाली. गणपतीत येताना तो घेऊन ये, इथे ओढून घेऊ.

तुझा
मामा