रेकॉर्डिंग तुमचं, किल्ली कुणाची?

इलेक्ट्रॉनिक्सला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या दृष्टीने आपण एका रात्रीत टीव्ही मेकॅनिक होतो. मिक्सर बिघडला, फोन. मोबाईल बादलीत पडला, फोन. त्यात मला वारंवार येणारा प्रश्न म्हणजे, "अगं, टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे आहेत, कुठला बॉक्स घेऊ?" म्हटलं, एकदाच सगळं लिहून काढावं. पुढच्या वेळी फोन आला की मॅगझिनचं पान पाठवून द्यायचं! (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची.)

आधी थोडा इतिहास, व्हायवाला विचारतात तेवढाच. हार्ड डिस्कवर टीव्ही रेकॉर्ड करणारे घरगुती रेकॉर्डर अमेरिकेत १९९९ साली आले, टिवो आणि रिप्ले टीव्ही ही त्यांची नावं. आपल्याकडे २००८ साली टाटा स्काय प्लस आला आणि लाइव्ह मॅच 'पॉज' करून चहा आणायला जाता येतं हे लोकांना कळलं. (ती कंपनी २०२२ पासून टाटा प्ले झाली.) आज घरात रेकॉर्डिंग करायचं तर ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. एक, डीटीएच किंवा केबल कंपनीचा रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स. दोन, डीडी फ्री डिशसाठी मिळणारा साधा बॉक्स आणि त्याला लावलेला पेन ड्राइव्ह. तीन, ट्यूनर लावलेला कॉम्प्युटर. स्मार्ट टीव्हीतही कधी कधी रेकॉर्डिंगचं बटण असतं, पण ते टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर आलेलंच रेकॉर्ड करतं. एचडीएमआयच्या वायरीतून बाहेरच्या बॉक्सचं चित्र येत असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून तो रस्ता इथेच सोडते.

दुकानदार पहिलं वाक्य टाकतो, "मॅडम, याचं रेकॉर्डिंग एकदम क्लिअर आहे." यावर हसून पुढे जा. डिजिटल टीव्हीत चित्र हे १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांतून येतं. प्रत्येक पाकिटात ४ बाइट पत्ता वगैरे आणि १८४ बाइट माल. रेकॉर्डर ही पाकिटं उचलून डिस्कवर ठेवतो, बास! तो चित्र नव्याने तयार करत नाही. जुन्या व्हीसीआरमध्ये टेप बदलली, हेड घासलं की चित्र उतरायचं. इथे जसं आलं तसंच साठतं. म्हणजे क्लिअर असेल तर ते चॅनलमुळे आणि छत्री नीट बसवल्यामुळे. त्यात रेकॉर्डरची मर्दुमकी काही नाही.

दुसरं वाक्य, "इतके शे तास बसतात." हा हिशोब आपण स्वतः करू शकतो, फर्स्ट इयरचं गणित आहे. साधा एसडी चॅनल सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी लागतात. एचडी चॅनल ८ मेगाबिट धरला तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर एसडीचे ३७० तास, पण एचडीचे फक्त १३९. जाहिरातीतला आकडा नेहमी पहिला असतो, हे सांगायला नकोच. आणि खरं विचाराल तर १३९ तासही पुष्कळ झाले. आपल्या मेसच्या वेळा, प्रॅक्टिकल, सबमिशन सांभाळून कोण बघणार आहे एवढं?

आता ट्यूनर. इथे मात्र जरा थांबू या, कारण इथे घराघरात भांडणं होतात. एक ट्यूनर असलेल्या बॉक्सवर मालिका रेकॉर्ड होत असताना दुसरा चॅनल लावायला गेलात की बॉक्स विचारतो, "रेकॉर्डिंग बंद करू का?" एक रेकॉर्ड करायचा आणि दुसरा बघायचा तर दोन ट्यूनर लागतात. पण छत्रीवर नुसते दोन ट्यूनर असूनही भागत नाही, छत्रीपासून वायरीही दोन लागतात. कारण असं, की छत्रीसमोर जो एलएनबी असतो, तो एका वायरीवर सगळे चॅनल एकदम खाली पाठवतच नाही. युनिव्हर्सल एलएनबीत सिग्नलचे चार गट पडतात. लहरी उभ्या की आडव्या, आणि फ्रीक्वेन्सी खालच्या पट्ट्यातली की वरच्या. बॉक्स वायरीतून वर १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभ्या लहरी मिळतात, १८ पाठवतो तेव्हा आडव्या. त्यासोबत २२ किलोहर्ट्झचा सूर पाठवला की वरचा पट्टा, नाहीतर खालचा. एका वायरीवर एका वेळी एकच गट.

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकदा एका वायरीला स्प्लिटर लावून दोन टीव्ही जोडले होते. इकडे मॅच लावली की तिकडे सिनेमा काळा, आणि दोन्हीकडची जनता एकमेकांच्या रिमोटला शिव्या देत होती. रिमोट बिचारे निर्दोष होते. दोन बॉक्स एकाच एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट पाठवत होते एवढंच! दोन्ही चॅनल एकाच गटातले निघाले की मात्र सगळं सुरळीत चालायचं, त्यामुळे कोणाला काही कळेना. केबलवाल्याच्या वायरीत सगळ्या फ्रीक्वेन्सी एकत्र येतात, तिथे स्प्लिटर चालतो. तेव्हा दोन ट्यूनरचा डीटीएच बॉक्स घेताना फिटिंगवाल्याला आधीच विचारा, एलएनबी दोन तोंडांचा आणि वायरी दोन आहेत ना? नाहीतर दुसऱ्या ट्यूनरचे पैसे भरून तो शोभेला ठेवावा लागतो.

एवढं सगळं बघून लोक बॉक्स घेतात. माझ्या मते खरा प्रश्न अजून विचारलेलाच नसतो. तो असा : बॉक्स बिघडला, बदलला किंवा रिचार्ज संपला, तर आधी केलेलं रेकॉर्डिंग दिसेल का?

माझ्या मावशीच्या सासऱ्यांची, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, सह्याद्रीवर शेतीच्या कार्यक्रमात मुलाखत झाली होती. डाळिंबाच्या बागेबद्दल, सात मिनिटं. आबा टोपी सारखी करत करत बोलले होते आणि मावशीने ते डीटीएचच्या रेकॉर्डिंग बॉक्सवर घेऊन ठेवलं होतं. पुढच्या वर्षी आबा गेले. त्यानंतर घरात कोणी पाहुणा आला की ती सात मिनिटं लागायची. फोटो पुष्कळ होते, पण त्यांचा आवाज तेवढाच होता. मग एक दिवस बॉक्स हँग झाला. कंपनीचा माणूस आला, अगदी सौजन्याने वागला, दहा मिनिटांत नवा बॉक्स लावला, एक पैसा घेतला नाही आणि जुना बॉक्स घेऊन गेला. संध्याकाळी रेकॉर्डिंगची यादी उघडली तर कोरी. कस्टमर केअरला फोन केल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, बॉक्स नवीन दिलाय ना?"

मला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, जुनी डिस्क परत मिळवून लॅपटॉपला लावली तर? नाही चालत. का ते समजून घेण्यासारखं आहे. पैसे भरून बघायचे चॅनल कुलूप लावून येतात. ते उघडणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि तुमचं रिचार्ज असेल तर बॉक्समधलं कार्ड किंवा चिप ती नवी किल्ली काढून देते. इथपर्यंत ठीक. पण रेकॉर्ड करताना बॉक्स ते उघडलेलं चित्र तसंच ठेवत नाही. तो स्वतःचं दुसरं कुलूप लावून डिस्कवर लिहितो, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये पुरलेली असते. ती बाहेर काढण्याची सोयच नसते. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा शेजाऱ्यांचा बॉक्स घेतला तरी त्याची किल्ली वेगळी. डिस्क लॅपटॉपला लावली तर नुसता कचरा दिसतो. डीटीएचच्या बॉक्सला बाहेरून पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावून केलेलं रेकॉर्डिंगही बहुधा असंच त्या एका बॉक्सला बांधलेलं असतं. डिस्क आपण विकत घेतलेली, पण आतलं दिसणार कंपनीच्या मर्जीने!

आणि यातली चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे सह्याद्री हा फुकट चॅनल आहे. तोच सह्याद्री डीडी फ्री डिशवर महिन्याच्या पैशाशिवाय येतो. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून ९३.५ अंश पूर्वेवरून मिळते. कुलूप नसलेला चॅनल फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड केला, तर बहुतेक बॉक्स तीच १८८ बाइटची पाकिटं सरळ फाइलमध्ये ओततात. ती फाइल लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये चालते, कॉपी होते, पुण्याच्या काकांना पाठवता येते. एकच कार्यक्रम, एकच आबा, पण महागड्या बॉक्समध्ये ते अडकले आणि स्वस्तातल्या बॉक्समध्ये सुटले असते.

कायद्याचं विचाराल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९ नुसार स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला हरकत नाही. शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठीही चालतं, तेव्हा सरांनी निश्चिंत राहावं. पण २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं आणि हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा ठरलं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या हॅकर मंडळींनी 'मी उघडून देतो' म्हणून पुढे येऊ नये.

"पण आता ओटीटी असताना रेकॉर्डर हवाय कशाला?" हे रूममेटने हा लेख वाचताना विचारलंच. मालिका आणि सिनेमांपुरतं तिचं बरोबर आहे, त्यासाठी रेकॉर्डर घेऊच नका. पण गावाकडे नेट अजून रुसतं, आणि प्रादेशिक केंद्रावरची एखादी मुलाखत, शाळेचं नाव आलेली बातमी नंतर कुठे सापडेलच असं नाही. ॲपमधलं डाउनलोडही त्याच ॲपमध्ये, मुदत असेपर्यंत. कुलूप तिथेही आहेच.

साध्या बॉक्सचेही नखरे आहेत. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या ३ मेगाबिटच्या हिशोबाने ते झाले जेमतेम तीन तास, आणि एचडी असेल तर सव्वा तासाच्या आत. काही बॉक्स तुकडे पाडून पुढे चालू ठेवतात, काही गुपचूप थांबतात, आणि वन डेची एक इनिंग साडेतीन तासांची असते! वेगाचं म्हणाल तर ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, कोणताही पेन ड्राइव्ह सहज लिहील. पण लाइव्ह थांबवून मागून बघताना एकाच वेळी लिहायचं आणि वाचायचं असतं, तेव्हा स्वस्त पेन ड्राइव्ह अडखळतात. रोज वापर असेल तर छोटी हार्ड डिस्क बरी. आणि कार्यक्रमाच्या वेळेआधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं जास्तीची लावा, आपले चॅनल घड्याळाचे गुलाम नाहीत.

गावी लाइट जाते त्याचंही बघायला हवं. लाइट परत आल्यावर काही बॉक्स आपोआप चालू होऊन रेकॉर्डिंग पुढे धरतात, काही लाल दिवा लावून स्वस्थ बसतात. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही नाही जोडला तरी चालेल, बॉक्स जोडा. रेकॉर्डिंग छत्री आणि बॉक्स मिळूनच करतात.

कॉम्प्युटर आणि ट्यूनरचा तिसरा रस्ता आपल्यासारख्यांना आवडेल. लिनक्सवर टीव्हीहेडएंड हा मोफत प्रोग्राम फुकट चॅनल उत्तम रेकॉर्ड करतो, दोन ट्यूनर लावा की दोन रेकॉर्डिंग. पण आई-बाबांच्या हाती तो देऊ नका, कारण मग दर रविवारी टर्मिनल उघडायला तुम्हालाच घरी जावं लागेल.

मग घ्यायचा कुठला? घरात पैसे भरून बघायचे चॅनल हवेत, रोजची मालिका रात्री उशिरा बघून पुसून टाकायची, असं असेल तर कंपनीचा दोन ट्यूनरचा बॉक्स खुशाल घ्या, तिथे कुलपाने काही बिघडत नाही. जपून ठेवायचं असेल तर त्याच्या शेजारी फ्री डिशचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स हवाच, मावशीकडे आता तसंच आहे. तो घेताना खिशात पेन ड्राइव्ह घेऊन जा. दुकानात छत्री जोडलेली असतेच. पाच मिनिटं सह्याद्री रेकॉर्ड करा, पेन ड्राइव्ह काढून तिथेच लॅपटॉपला लावा आणि व्हीएलसीत फाइल उघडून बघा. आवाज आणि चित्र दोन्ही आले तर पैसे द्या, नाहीतर पुढचा बॉक्स मागा. दुकानदार वैतागेल, पण दुसऱ्या बॉक्सलाच कबूल होतो, माझा अनुभव आहे.