पोरांच्या हातचा कोलू: तंजावरची कृती

महाराष्ट्रात घट बसतात त्याच सुमाराला तंजावरच्या घरांतून कोलू मांडतात. पायऱ्यांवर पांढरं कापड, त्यावर बाहुल्या, पायाशी चिमुकला बगीचा, आणि रोज संध्याकाळी आल्यागेल्याच्या हातावर सुंडल, म्हणजे फोडणी दिलेलं शिजवलेलं कडधान्य. तमिळ घरांत मांडतात तसाच तो इथल्या मराठी घरांतही मांडतात. शाळेच्या वर्गात किंवा गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून तो कसा उभा करायचा, त्याची ही कृती. अट एकच: दुकानातून आणलेल्या बाहुल्या पोरांनी हाताची घडी घालून नुसत्या बघायच्या नाहीत. प्रत्येकानं एक तरी वस्तू स्वतः करायची आणि पाहुणे आले की तिच्याशेजारी उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. असा कोलू जरा वाकडातिकडा दिसतो. दिसू दे.

विषय आधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या पायरीवर डायनासोर आणि चौथीवर क्रिकेटचा संघ येऊन बसतो. (घरच्या कोलूत क्रिकेटचा संघ असतोच, आणि तो मला आवडतोही, पण तिथे कुणाला काही सांगायचं नसतं.) तंजावरपुरता माझा कौल इसापनीतीला. तंजावरचे भोसले राजे सर्फोजी यांनी इथे छापखाना काढला आणि १८०६ साली त्यातून इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावानं छापून घेतलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. मुंबई-पुण्याच्या पोरांच्या हाती छापील मराठी गोष्टी पडण्याआधी त्या या गावात छापल्या गेल्या, एवढं कारण पुरे. कोल्हा आणि द्राक्षं, तहानलेला कावळा, सिंह आणि उंदीर, ससा-कासव, करकोचा आणि कोल्हा: पाच गोष्टी, पाच गट. गटात सहा-सातपेक्षा जास्त मुलं घेऊ नका.

बाहुली

नवरात्राआधीच्या अमावास्येच्या बारा दिवस आधी हे काम काढा. शाळांची तिमाही परीक्षा बहुधा याच सुमाराला येते, तेव्हा कागद चिकटवण्याचं काम परीक्षेआधी उरका आणि रंगकाम सुट्टीवर ठेवा. घाई आणखी एका कारणासाठी. इथला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. सकाळी ऊन आणि चारच्या सुमाराला आभाळ भरलेलं, असे दिवस सुरू झाले की ओला कागद वाळता वाळत नाही आणि त्याला बुरशीचा वास लागतो.

तंजावरची खरी नाचणारी बाहुली घागरा, धड, हात, डोकं अशा सुट्या भागांची असते. तारेच्या टोकावर तोलून ठेवलेले ते भाग प्रत्येकी निराळे डोलतात. ते काम कारागिरांचं. ती एक विकत आणा आणि वरच्या पायरीवर मानानं बसवा. मुलांना करता येते ती दुसरी, बुड गोल असलेली, कितीही आडवी पाडली तरी उठून बसणारी. तंजावरची ही बाहुलीही तितकीच नावाजलेली.

प्रत्येक बाहुलीला लागेल: सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा रबरी चेंडू (साच्यासाठी, एका चेंडूवर पाळीपाळीनं काम होतं), जुनं वर्तमानपत्र, वहीचे कोरे कागद, खळ, मूठभर चिकणमाती, थोडी बारीक वाळू, खडूची पूड, डिंक आणि पोस्टर रंग. खळ मैद्याची चालते. इथे बाजारात मरवल्ली किळंगूचं, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याचं पीठ सहज मिळतं आणि त्याची खळ जास्त चिवट होते. ती रोजची रोज शिजवा. शिळी खळ आंबते आणि वर्गभर दरवळते.

चेंडू एका पेल्यावर टेकवा म्हणजे घरंगळणार नाही. वरच्या अर्ध्या भागाला तेलाचा हात फिरवा. कागद फाडून दोन बोटं रुंदीचे तुकडे करा. कात्रीनं कापू नका, कारण फाटलेल्या कडा एकमेकींत बसतात आणि कापलेल्या उठून दिसतात. पहिला थर वर्तमानपत्राचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, तिसरा पुन्हा वर्तमानपत्राचा. असं आलटून पालटून केलं की कुठे थर राहून गेला ते पोरांना डोळ्यांनीच कळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. असे सहा थर. एका दिवशी दोनच लावा आणि रात्रभर पंख्याखाली सावलीत वाळू द्या. कडक उन्हात ठेवलंत तर वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि मग वाटी मुरडते.

तिसऱ्या दिवसाअखेर सहा थर होतात. चौथ्या दिवशी वाटी चेंडूवरून सोडवा. आता माती. दोन वाटे चिकणमाती, एक वाटा वाळू, पाणी बेताचं. वाळू घातली नाही तर माती वाळताना आक्रसते, तडकते आणि बाहुलीच्या पोटात खुळखुळते. वाटीच्या तळाला साधारण दोन सेंटिमीटर जाडीची माती दाबून बसवा, त्याहून वर नको. ती वाळली की खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या टाकून वाटीला बांधून टाका.

मग कोऱ्या पुठ्ठ्याचा शंकू करून वाटीवर बसवा. हे धड. कागदाचा चोळामोळा करून, वर दोन थर देऊन डोकं करा. चिकटवायच्या आधी नुसतं टेकवून, चिकटपट्टीनं धरून आडवं पाडून बघा. उठली तर ठीक. लोळत राहिली तर वरचा भाग जड झाला आहे. पोरांना डोकी मोठी करायची हौस असते, सिंहाची तर फारच. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या बाहुल्या पहिल्यांदा लोळत राहतील. आयाळ कागदाच्या चोळ्याची न करता लोकरीची करायला सांगा, शंकू एक बोटभर कापा, किंवा तळाला थोडी माती वाढवा. यातलं काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे. सातवी-आठवीची मुलं असतील तर इथेच विज्ञानाचा तास होऊन जातो: सगळ्या वजनाचा मध्य गोल बुडाच्या मध्यबिंदूखाली राहिला की कलंडताना तो वर उचलला जातो आणि परत खाली येऊ बघतो, म्हणून बाहुली उठते.

खडूची पूड डिंकाच्या पाण्यात दाट कालवून दोन हात द्या, पॉलिशकागदानं हलकेच घासा आणि मग रंग. कारागीर प्लास्टर वापरतात. शाळेत नको, त्याची भुकटी नाकातोंडात जाते आणि भिजवल्यावर ते तापतं. डोळे सगळ्यात शेवटी काढा. तेही एकाच्या हातून दोन्ही, म्हणजे बाहुली चकणी होत नाही.

मोठ्या देवळातली सकाळ

रंग वाळत असताना एक सकाळ मोकळी काढून मुलांना बृहदीश्वराच्या देवळात न्या. देऊळ राजराज चोळाचं, १०१० सालचं. पण आपल्याला जायचं आहे प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीपाशी. तिथे सर्फोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. नऊच्या आत पोचा. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दुपारी तिथली फरशी तव्यासारखी तापते.

प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर एकच शब्द: भोसले, मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी. तो भिंतीवर हुडकायचा, डोळ्यांनी. बोट लावायचं नाही, कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही; हे जागतिक वारसास्थळ आहे आणि पहारेकरी बघत असतात. देवनागरी न वाचता येणाऱ्या तमिळ मुलालाही चिठ्ठीवरचा आकार जुळवता येतो, आणि बऱ्याचदा तोच आधी शोधून काढतो. पूर्ण वाक्य लावायच्या फंदात पडू नका; अर्ध्या तासात मुलं कंटाळायच्या आत बाहेर पडा. वेळ उरला तर राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालयाचं दालन बघून या. छोट्यांना तिथे फार वेळ धीर निघत नाही.

बगीचा आणि पायऱ्या

अमावास्येच्या पाच दिवस आधी नाचणी आणि मोहरी वेगवेगळी रात्रभर भिजवा. प्लास्टिकच्या कागदावर ओलं पोतं, त्यावर दोन बोटं माती-वाळू, त्यावर बी. हातानं पाणी शिंपडा, ओतू नका. घटाखालचं धान ज्यांनी पेरलं आहे त्यांना हे सांगायला नको. मोहरी आधी उगवते, नाचणी मागाहून पण दाट. कोलू मांडायच्या दिवशी हिरवळ तयार असते. तीत आरशाचा तुकडा ठेवला की तळं, काड्यांचा मांडव केला की द्राक्षांची वेल.

पायऱ्या विषम हव्यात: तीन, पाच, सात, नऊ. शाळेसाठी पाच बस्स. एकेक पायरी वीस सेंटिमीटर उंच आणि पंचवीस रुंद धरा, म्हणजे सगळ्यात वरची मीटरभर उंचीवर येते आणि चौथीतल्या मुलाचा हात पोचतो. बाकं, लोखंडी ट्रंका, पुस्तकांचे गठ्ठे काहीही चालेल. मात्र मागची बाजू भिंतीला टेकलेली हवी आणि मोठ्या माणसानं एकदा तळहातानं जोर देऊन हलवून बघायला हवं. वरून पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, ताणून टाचण्या मारा. खाली लोळणारा पदर आत दुमडा. पहिल्या संध्याकाळी कुणीतरी त्यात पाय अडकवणारच असतो.

मांडणी अमावास्येला. पहिला मान मरप्पाचीचा, म्हणजे रक्तचंदनाच्या लाकडी नवरा-बायकोच्या जोडीचा. ही जोडी एखाद्या आजीकडून कोलूपुरती मागून आणा. पोरींकडून तिला नवे कपडे शिवून घ्या. सगळ्यात वर कलश आणि देव, खाली संत आणि राजे, मग माणसं. तळच्या पायरीवर किराणा मांडून बसलेले चेट्टियार आणि त्यांची बायको, त्यांच्यापुढे खऱ्याच डाळ-तांदळाच्या वाट्या. मुलांच्या पाच गोष्टी मधल्या दोन पायऱ्यांवर आणि बगीच्यात.

बोलावणं, गोष्ट, सुंडल

बोलावणं मुलांनी करायचं. राम, कृष्ण, राधा, जे सोंग घरात निघेल ते घेऊन, कुंकवाचा करंडा हातात धरून जोडीजोडीनं शेजारी जायचं. मुलग्यांना वगळू नका. आलेल्या बायकांना हळदकुंकू, विडा, मुलांना सुंडल, आणि कोलूसमोर पाहुण्यानं एक गाणं म्हणायचं, ही इथली जुनी रीत. लाजणाऱ्या काकूंना आग्रह करणं हे पोरांचं आवडतं काम, त्यांच्यावर सोडा.

गोष्ट ज्यानं त्यानं आपल्या भाषेत सांगावी. एका संध्याकाळी ससा तमिळ बोलला आणि कासव मराठी, तरी काही बिघडत नाही. शहाजीराजांनी, ज्यांचं राज्य इथे १६८४ ते १७१२ होतं, 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर आणल्या आहेत. पाठ करवून घेऊ नका. 'मी सिंहाची मान तीनदा कापली' हे पाहुण्याला तात्पर्यापेक्षा जास्त आवडतं.

सुंडलाचं प्रमाण: एक किलो काबुली चणे म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मुलं. रात्रभर, निदान दहा तास भिजवा. कुकरमध्ये मऊ पण अख्खे राहतील असे शिजवा, मग मीठ घालून पाच मिनिटं उकळा आणि पाणी पुरतं निथळू द्या. ते पाणी फेकू नका, रसमला घ्या. चार चमचे तेलात मोहरी, सहा सुक्या मिरच्या, हिंग, भरपूर कढीलिंब. त्यात चणे परता आणि आच बंद केल्यावर एका नारळाचा चव मिसळा. आधी घातलात तर दमट हवेत तासा-दोन तासांत खोबरं आंबूस लागतं. कांदा-लसूण नाही. रोज धान्य बदला: मूग, चवळी, वाटाणे, काळे चणे. आणि इथे भोंडल्याची एक गोष्ट उसनी घ्या: डबा झाकून ठेवा, खिरापत ओळखायला लावतात तसं आज कसलं सुंडल ते पोरांना ओळखू द्या. वास घेऊन ओळखणाऱ्याला पहिला द्रोण.

शेवटचे दोन दिवस

नवमीला सरस्वतीपूजन आणि आयुधपूजन. पुस्तकांबरोबर कात्री, कुंचले, खळीचं पातेलंही पूजेत मांडा. याच वस्तूंनी काम केलं आहे. पूजेतल्या पुस्तकाला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम मुलं फार काटेकोरपणे पाळतात. विजयादशमीला तीच पुस्तकं उचलून एक पान वाचायचं, आणि बालवाडीतल्यांना तांदळात बोटानं पहिलं अक्षर गिरवायला लावायचं.

त्या रात्री कोलूतली एक बाहुली आडवी करून निजवतात आणि कोलू संपला असं समजतात. त्यासाठी मरप्पाची घ्या. मुलांच्या बाहुल्या निजवायला गेलात तर त्या उठून बसतात आणि हसण्यात विधी राहून जातो. दुसऱ्या दिवशी आवराआवर. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात एकेक गुंडाळा, जड खाली, हलकी वर, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला. खोक्यावर पायरीचा आकडा लिहा. मुलांनी केलेल्या बाहुल्या त्यांच्या घरी जाऊ द्या. गटातली एक फक्त शाळेनं ठेवावी, आणि कुठली ते गटानं ठरवावं. मरप्पाची आजींकडे पोचवा, नव्या कपड्यांसकट.